शिरखुर्म्याने भागत नाही

अंजनवेलच्या गोपाळगडासमोर, वाशिष्ठीच्या पैलतीरी, दाभोळ. तिथे आदिलशाहीच्या काळातली मशीद आहे. खाडीतून जाता-येता आमच्यापैकी कित्येकांनी तिचा घुमट जन्मभर पाहिला. आत काय म्हणतात ते मात्र कुणी विचारले नाही. ईदेला शिरखुर्मा खाल्ला, गणपतीत मोदक पाठवले, की "सगळे धर्म सारखेच" असे म्हणून आम्ही मोकळे!

या वाक्याला लोक औदार्य म्हणतात. मी आळस म्हणतो. न वाचता सारखे ठरविणारा आणि न वाचता वाईट ठरविणारा, दोघांनीही ग्रंथ उघडलेला नसतो. (दुसरा निदान भांडणापुरत्या दोन आयती पाठ करतो, त्याही कुणाच्या तरी पत्रकातून.)

विनोबा आपल्या कोकणातल्याच गागोद्याचे. कुराण मुळातून कळावे म्हणून ते अरबी शिकले आणि मग त्याचे सार काढले. जोतीराव फुले तर त्यांच्याही आधी फार पुढे गेले होते. १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. बायको बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि कुणी कुणाचा द्वेष न करता सारी एकत्र नांदतात.

आम्हांला भय नेमके याचेच. वाचले आणि पटले तर? पण पटण्याची जोखीम न घेता जे वाचायचे, ती वकिलाची उलटतपासणी झाली.

अंजनवेलच्या आमच्या एका मुसलमान शेजाऱ्याने एकदा आमची ज्ञानेश्वरी वाचायला नेली होती. महिनाभर आम्ही ते गावभर अभिमानाने सांगत होतो. त्याचे कुराण मागावे, हे घरात कुणालाही सुचले नाही.