उसाला मुदत, पोरांना तोंडाची वाफ!

पहाटे तीनला फडात कोयते चालू होतात. बाप ऊस तोडतो, आई साळते, मोळ्या बांधते. पाचटाच्या ढिगावर गोधडीत गुंडाळलेले दीड वर्षाचे पोर निजलेले असते आणि त्याच्या उशाशी नऊ-दहा वर्षांची बहीण राखणीला असते. उजाडले की तिने कोपीवर जायचे, पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, पुन्हा फडात येऊन वाढे गोळा करायचे आणि हे सगळे धाकट्याला काखोटीला मारून. बीड जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळेत या पोरीचे नाव आजही पटावर आहे. दिवाळीपासून हंगामाचा पट्टा पडेपर्यंत तिच्या बाकावर कोणी बसत नाही आणि त्याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही!

सरकारला हे ठाऊक नाही? आम्ही म्हणतो, पुरते ठाऊक आहे! याच सरकारची मंत्री समिती गाळप कोणत्या तारखेला सुरू व्हायचे ते ठरवते. साखर आयुक्तांचा परवाना नसेल तर एकाही कारखान्याला गाळप करता येत नाही. रोज किती टन ऊस गाळला, उतारा किती पडला, याचा आकडा पुण्याच्या साखर संकुलात पोहोचतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे शेतकऱ्याचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात. उशीर केला तर १५ टक्के व्याज, थकवले तर महसुली वसुलीचे प्रमाणपत्र, म्हणजे आरआरसी, आणि जप्ती. शेतकऱ्याच्या घामाचा दाम वेळेत मिळालाच पाहिजे, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण ज्या राज्ययंत्रणेचा हात कारखान्याच्या साखरेच्या गोदामापर्यंत पोहोचतो, तो त्याच कारखान्याच्या तळावरच्या कोपीपर्यंत पोहोचत नाही, हे आम्ही कसे खरे मानावे?

कायद्याची सबब तर सांगूच नका. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आहे. त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर भारताने १९९२ साली मान्यतेची मोहोर उठवली. आणखी किती कागद हवेत?

कागद भरपूर आहेत, जबाबदार धनी एकही नाही. गावची शाळा म्हणते, पोरे कारखान्यावर गेली. कारखान्याजवळची शाळा म्हणते, ती आमच्या पटावर नाहीत. शिक्षण खाते कामगार खात्याकडे बोट दाखवते, कामगार खाते महिला व बालविकासकडे. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, शिक्षण हमी कार्डे वाटली. पण टोळ्या निघून गेल्यावर वसतिगृहाची मंजुरी येते, ही ओरड जुनीच आहे. शिवाय काखेतल्या पोराला कोण सांभाळणार? गावच्या अंगणवाडीतला त्याचा आहार गावातच राहतो. थोरल्या बहिणीची शाळा सुटते ती या धाकट्यापायी, आणि तळावर पाळणाघर असल्याशिवाय ती पुन्हा शाळेत जाणार नाही, इतकी साधी गोष्ट कोणत्याही खात्याला कळू नये?

आणि कारखानदार काय म्हणतात? मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे! हंगामाआधी आगाऊ उचल वाटली जाते ती कोणाच्या उसासाठी? ही पळवाट चालते, कारण कारखान्याच्या संचालक मंडळात आणि विधानसभेत बसणारी माणसे पुष्कळदा तीच असतात. उचल जोडप्याला मिळते, म्हणून हंगामाच्या तोंडावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुली बोहल्यावर चढवल्या जातात. कोपीवर एकटी ठेवायची भीती वाटते, म्हणूनही आईबाप त्यांना उजवून मोकळे होतात. २००६ चा कायदा आहे, ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. पण वऱ्हाड जेवून जाते आणि त्याला पत्ता नसतो!

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ती अमलात आणली, परक्या साम्राज्याच्या छायेतल्या एका संस्थानात! आज त्याच कोल्हापूरच्या फडांत मराठवाड्यातली पोरे शाळेच्या वेळेत वाढे वेचत आहेत आणि शाहूंचे नाव घेतल्याशिवाय ज्यांचे भाषण सुरू होत नाही, त्यांच्याच कारखान्यांना तो ऊस जातो. लाज वाटली पाहिजे!

आमची मागणी एकच आहे. मुलांचा हक्क गाळप परवान्याला बांधा. परवान्याच्या अर्जासोबत प्रत्येक टोळीतल्या प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि शाळा लिहून घ्या. मोळी पडायच्या आधी तळावर अंगणवाडी आणि पाळणाघर उभे असले पाहिजे, जवळच्या शाळेत प्रवेश झालेला असला पाहिजे, शाळा लांब असेल तर गाडी कारखान्याची. गावी राहणाऱ्या मुलांची वसतिगृहे दसऱ्याआधी उघडा. पैसा नाही म्हणू नका. ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे १० रुपये घ्यायचे तुम्हीच ठरवले आहे, त्यातला पहिला रुपया या पोरांवर पडू द्या. आणि ज्या कारखान्याच्या फडात शाळेच्या वेळेत सहा ते चौदा वयाचे एक जरी मूल सापडेल, त्याचे गाळप त्याच दिवशी थांबवा. शेतकऱ्याचा ऊस वाळेल अशी हाकाटी होईल. तो ऊस शेजारच्या कारखान्याला द्या आणि वाहतुकीचा भुर्दंड कसूर करणाऱ्या कारखान्याच्या तिजोरीतून वसूल करा. आरआरसी काढायला तुम्हाला शिकवावे लागत नाही.