अंधारात गुन्हे बदलतात का?



‘अमेरिकेत नियम मोडणाऱ्यालाच पोलीस अडवतात, त्यात वर्णभेद कसला?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सवाल मला अस्वस्थ करून गेला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये सुमारे १० कोटी वाहनतपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घड्याळातली वेळ तीच, पण ऋतुमानानुसार कधी उजेड, कधी अंधार, अशी तुलना त्यांनी केली. अंधारात चालकाचा वर्ण नीट दिसत नाही आणि अडवलेल्यांमधले कृष्णवर्णीयांचे प्रमाण तेव्हा घटते! शिवाय गाडीची झडती घ्यायला कृष्णवर्णीयांच्या बाबतीत कमी संशय पुरतो, असेही त्यांना आढळले.

नियमभंगाचे निमित्त मिळणे अवघड नसते. नियमभंग झाला असेल, तर पोलिसाचा खरा हेतू तपासायचा नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच १९९६ मध्ये ठरवले. मिनेसोटात २०१६ साली फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय चालकाला अडवण्याचे सांगितलेले कारण होते मागचा बंद दिवा. त्याआधी वायरलेसवर मात्र, त्याचे रुंद नाक दरोड्यातल्या संशयितासारखे दिसते, असे पोलीस बोलला होता. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी असताना त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. पोलीस निर्दोष सुटला.

पत्रलेखकांच्या तिथल्या नातलगांना असा त्रास झाला नाही, असे ते लिहितात; याचा आनंदच आहे. पण तेवढ्यावरून इतरांचे दुःख खोटे ठरवू नये.

– एक वाचक, ठाणे