डीजेशी भांडू नका, पाच जणांचा बँड काढा

सोनाळ्यात बँड चालवताय आणि डीजेनं सुपाऱ्या पळवल्या? आवाजात तुम्ही त्याला हरवणार नाहीच. मग लहान व्हा!

फिनलंडच्या एसा-पेक्का सालोनेन यांनी २००३ मध्ये ‘मेमोरिया’ रचलं, फक्त पाच फुंकवाद्यांसाठी: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न. ढोल नाही, ताशा नाही. (ओबो म्हणजे आपल्या सनईचा भाऊबंदच, दोन्ही पत्तीवर वाजतात.)

तुमच्याकडे क्लॅरिनेट, ट्रम्पेट आहेच, सनईवाला जोडा. साखरपुडा, बारसं, दुकानाचं उद्घाटन... तिथं वीस माणसांचा बँड कोण बोलावतो? पाच जणांची मजुरी, एका गाडीचं भाडं, वर तुमचा नफा, असा दर आजच कागदावर मांडा. रियाझ मात्र दुप्पट लागेल, कारण चुकलेला सूर झाकायला ढोल नसेल. पहिली सुपारी कमी पैशांत मिळाली तरी घ्या.