कारंज्याआधी खिडकी

आमच्या नगरपालिकेच्या विषयपत्रिकेवर ‘सुशोभीकरण’ हा शब्द दर वर्षी न चुकता येतो. यंदाही आला आहे. बागेत नवे कारंजे, दाराशी कमान आणि झाडांना रंगीत दिव्यांच्या माळा. त्याच विषयपत्रिकेत बरेच खाली घरकुलांच्या रखडलेल्या हप्त्यांचा विषय आहे. तो चर्चेला येईपर्यंत सभागृहात कितीजण उरतील, कोण जाणे!

वाचक म्हणतील, डॉक्टर, तुमचे सदर आरोग्याचे. तुम्हाला पालिकेच्या खर्चाचे काय पडले आहे? त्याचे उत्तर माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेले असते.

एक कुटुंब सांगतो. नवरा हमाली करणारा. त्याला क्षय झाला, औषधे सुरू झाली. पुढे बायकोचा खोकला हटेना, तपासणीत तिलाही क्षयच निघाला. मग धाकटी मुलगी. घर झोपडी नव्हे बरे का. चांगले पक्के, स्लॅबचे, सरकारी योजनेतले. मी मुद्दाम जाऊन पाहिले. दोन खोल्यांना मिळून एकच खिडकी, आणि ती उघडते शेजाऱ्याच्या भिंतीवर. मधल्या हातभर बोळातून गटार वाहते, म्हणून खिडकीला पोते लावलेले. भर दुपारी दिवा लावावा लागतो.

क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. वारा खेळता असला की ते विरळ होतात, उन्हात मरतात. योग्य औषधे सुरू झाली की रुग्णाकडून होणारा संसर्ग साधारण दोन-तीन आठवड्यांत पुष्कळ कमी होतो, पण निदान होण्याआधी जे महिने जातात, त्या काळात घरच्यांना राखणारी असते ती खिडकी. मी औषध लिहून देऊ शकतो, खिडकी लिहून देऊ शकत नाही.

मुंबईत हे फार मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे. रस्ते आणि रेल्वेच्या कामांत उठवलेल्या लोकांना गोवंडी भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत सात-सात मजली इमारतींत घरे दिली. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन पोचतच नाही. डॉक्टरांच्या एका संस्थेने तिथे पाहणी केली. 2018 साली अहवाल आला. या दाटीच्या वसाहतींत क्षयाचे प्रमाण, मोकळी जागा राखून बांधलेल्या जवळच्या तिसऱ्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त निघाले. लोक गरीब तिन्हीकडे होते. फरक हवेचा आणि उजेडाचा होता.

यात नवीन शोध लावायचा नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत माप दिलेलेच आहे. कोरड्या उष्ण हवेच्या प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश, तर दमट उष्ण प्रदेशात एक षष्ठांश इतकी खिडक्यांची जागा हवी, दार सोडून. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीला आपल्याकडे किमान दहा चौरस फूट, कोकणात सुमारे सतरा. घरकुलाच्या नकाशावर सही करताना एवढे पाहायला किती वेळ लागतो?

आता पैशांचे. प्रधानमंत्री आवास योजनेत शहरातल्या माणसाला स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. ते एकदम नव्हे, काम पुढे सरकेल तसे हप्त्याहप्त्याने. जोते झाले की पाहणी, लिंटलपर्यंत आले की पाहणी. पाहणीला माणूस वेळेवर आला नाही किंवा निधी अडला की काम तिथेच थांबते. जुने घर तर आधीच पाडलेले असते. मग कुटुंब ताडपत्रीखाली, नाहीतर भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत. गेल्या पावसाळ्यात अशाच एका ताडपत्रीखालचे सात महिन्यांचे बाळ न्यूमोनियाने जिल्हा रुग्णालयात पोचवावे लागले. वाचले, हे नशीब. आणि ज्याच्या नावावर जागेचा उताराच नाही, तो तर या रांगेतही नसतो.

याचा अर्थ मी बागेच्या विरुद्ध आहे असा कोणी काढू नये. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला मी आठवड्याला निदान दीडशे मिनिटे भरभर चाला म्हणून सांगतो. बायका विचारतात, कुठे चालू? रस्त्यावर ट्रॅक्टर आणि कुत्री. बागेचे फाटक उघडते आठला, तोवर त्यांची स्वयंपाकाची घाई. संध्याकाळी दिवे बंद. स्वच्छतागृहाला कायमचे कुलूप, त्यामुळे साठीपुढची मंडळी दहा मिनिटांत घरी परततात. फरश्यांवर शेवाळ आहे. त्यावर घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या एक आजी माझ्याच रुग्ण आहेत. बागेची सुधारणा करायची तर ही करा. पहाटे पाचला फाटक, सपाट वाट, साधे पांढरे दिवे, पाण्यासह स्वच्छतागृह, पाठ टेकता येईल असे बाक. याचे उद्घाटन करता येत नाही, ही मोठीच अडचण आहे म्हणा!

कारंज्याचेही ऐका. जुने कारंजे वर्षभरातच बंद पडले आणि हौदात पाणी साचले. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला तयार. निदान त्या हौदात गप्पी मासे तरी सोडा.

पालिकेतली मंडळी सांगतात, बागेचा निधी बागेलाच वापरावा लागतो, घरांचे लेखाशीर्ष वेगळे. बाहेरून आलेल्या अनुदानापुरते ते खरेच आहे. पण घरपट्टीतून जमणारा स्वतःचा पैसा कुठे आधी घालायचा, हे सभागृहच ठरवते. 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा आणि बागबगीचे असे दोन्ही विषय पालिकांच्या कामांत आहेत. पाहणीसाठी आणखी एक अभियंता नेमणे, बोळातले गटार बंदिस्त करणे, हे तर कुठल्याही अनुदानाची वाट न पाहता होईल. गटार झाकले की त्या घरातले पोते निघेल.

कारंज्याचे अंदाजपत्रक अजून मंजूर झालेले नाही. आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाठून विचारा, आपल्या प्रभागात किती घरकुले जोत्यावर अडली आहेत आणि शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली. तोंडी उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो.