पदवीला रकाना, भाषेला नुसती जागा

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या हिंदी पाठ्यपुस्तकांचे प्रकाशन झाले. स्वभाषेत शिकलेला माणूस आपले काम अधिक समजून करतो, हे शासनाने त्या दिवशी जाहीरपणे मान्य केले. तत्त्व निःसंशय योग्य आहे. मग ते पांढुर्णा, सौंसर, मुलताईच्या वेशीवर येऊन का थबकते?

२०११च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा असलेले बारा लाखांहून अधिक लोक आहेत. त्यांचे शिक्षण कोणत्या इयत्तेपर्यंत, कोणत्या पदवीपर्यंत झाले, हे बारकाईने नोंदवले जाते. भाषेच्या बाबतीत मात्र मातृभाषा आणि येणाऱ्या आणखी दोन भाषा, एवढी नावे लिहिली की संपले. वाचता येते की केवळ बोलता येते, याची चौकशी नाही. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात तर भाषेचा प्रश्नच नाही. त्यामुळे घरी मराठी बोलणारा, हिंदीत पदवीधर झालेला आणि मराठीत साधा अर्जही लिहू न शकणारा तरुण सरकारदरबारी 'सुशिक्षित' ठरतो. त्याने काय गमावले, ते कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

"हिंदी तर सर्वांनाच समजते," हे यावरचे ठरलेले उत्तर. वकिलाला ते पटणे अवघड आहे. "त्याने माझी चेष्टा केली," असे मराठी साक्षीदार म्हणतो तेव्हा त्याला थट्टा अभिप्रेत असते. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. जबानी लिहिणाऱ्याला मराठी येत नसेल, तर थट्टेचा प्रयत्न व्हायला कितीसा वेळ लागणार? रुग्णालयात अशा घोटाळ्याची किंमत याहून मोठी असते.

आपली मागणी कृपेची नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-अ सांगतो. जेथे अल्पसंख्य भाषिक १५ ते २० टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, हे केंद्राच्या १९५६च्या निवेदनातच आहे. पण त्या सूचना लिहिणार कोण? म्हणूनच सीमेवरील तहसिलींत पटवारी, परिचारिका व पोलीस शिपाई यांच्या भरतीत मराठी लेखन-वाचनाची परीक्षा हवी आणि तिचे गुण निवडयादीत धरले जायला हवेत.

तोवर २०२७च्या जनगणनेत प्रगणक दारी येईल, तेव्हा मातृभाषेपुढे त्याने काय लिहिले, ते आपण स्वतः वाचून पाहा.