रयतेची शाळा मोडून देश श्रीमंत होत नाहीं



आधीं देश श्रीमंत होऊं द्या, मग खेड्यांत शाळा काढूं, हें पालुपद आपल्या चार पिढ्यांनीं ऐकलें आहे. बीं पेरण्याआधीं पीक दाखवा, असें म्हणणाऱ्या कुणब्याला गांव वेडा ठरवील. परंतु सरकारदरबारीं असेंच बोलणारा शहाणा मुत्सद्दी गणला जातो!

१८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनापुढें रोखठोक सांगितलें कीं, तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि वरिष्ठ वर्गाच्या विद्येवर रिती होते. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करा. कोणीं ऐकलें नाहीं. १९११ सालीं गोखल्यांनीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल आणलें. तें पुढच्या सालीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. गोखले ब्राह्मण खरे, पण न्यायाच्या गोष्टीला जात नसते. बिल पाडणारांत गोरे अधिकारी होते, तसे आपले जमीनदारही होते!

पैसा नाहीं, ही सबब खरी असती तर शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत सक्तीचें मोफत शिक्षण कसें सुरू केलें? जपानानें १८७२ सालींच गांवोगांव शाळा काढण्याचा हुकूम केला; मोठे कारखाने मागाहून वाढले. आमच्याकडे १९५१ च्या खानेसुमारींत शंभरांत अठराच माणसें साक्षर निघालीं. घटनेनें १९५० सालीं दहा वर्षांची मुदत घातली. शिक्षणहक्काचा कायदा व्हायला २००९ साल उजाडलें.

मी खेड्यांतला मास्तर. ज्याला सातबारा वाचतां येत नाहीं, त्याच्या जमिनीवर दुसऱ्याचें नांव चढतें, तें दावा लागल्यावर कळतें. व्याजाचा हिशेब न कळणारा आंगठा उठवतो आणि घर गहाण पडतें. सुताराला नकाशा वाचतां येत नाहीं, म्हणून ठेका दुसऱ्याला मिळतो आणि हा कसबी माणूस त्याच्या हाताखालीं रोजानें राबतो. हें नुकसान कोणत्या अंदाजपत्रकांत मांडलें आहे?

नुसत्या शाळेनें भागत नाहीं, हेंही कबूल. शिकलेल्या पोराला लांच दिल्यावांचून दाखला मिळत नसेल, तर विद्या पाण्यावांचून रोप वाळावें तशी वाळते. परंतु तो कारभार सुधारणार कोण? जमाखर्च वाचणारी रयतच! अडाणी रयत हें लबाड कारभाराचें हिरवें कुरण आहे.

आणि २०२३ सालीं बेत निघाला तो काय? वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा! वस्तीवरची शाळा लांब गेली, कीं सर्वांआधीं घरीं बसते ती मुलगी. सरकारची बचत कागदावर. तोटा मात्र तिच्या जन्माचा.

तेव्हां ग्रामसभेंत उभे राहा. शाळेचा पट, मास्तरांची संख्या व आलेला पैसा यांचा हिशेब मागा. शाळा हें कोणाचें दान नव्हे. ती आपल्याच घामाची ठेव आहे. ठेव मागायला लाजूं नका!