राहून गेलेली हजेरी

2021 चा रमजान आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. 14 एप्रिलला पहिला रोजा, 14 मे रोजी शुक्रवारी ईद. ईदगाह बंद, नमाज घरात आणि गळाभेट फोनवर. ईदच्या तिसऱ्या दिवशी, रविवारी, पुण्याहून बातमी आली की खासदार राजीव सातव गेले. वय अवघे 46. कोरोनातून सावरत असतानाच सायटोमेगालो नावाच्या दुसऱ्या विषाणूने त्यांना गाठले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी, कळमनुरीला, अंत्यसंस्कार झाले.

कळमनुरी हे नाव आमच्या घरात आधीच दुखरे झाले होते. त्याच रमजानात तिथे आमच्या फुफांचा इंतकाल झाला होता. जनाज्याला जाता आले नाही. फुफीला फोनवर सब्र करायला सांगितले आणि फोन ठेवल्यावर आपल्याच शब्दांची लाज वाटली. ज्या घरात माती झाली तिथे जाऊन दोन घटका बसणे हा साधा हक्क असतो. तो आम्ही फोनवर उरकला.

अखेर जाणे झाले ते 2022 च्या फेब्रुवारीत. आम्ही दोघे नांदेडहून एसटीने निघालो. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडल्या, खिचडीसाठी प्रसिद्ध असलेला वारंगा फाटा आला, मग आखाडा बाळापूर आणि पुढे कळमनुरी. हळदीचा हंगाम होता. कुठे शिजवणीचा धूर, कुठे उन्हात पसरलेली हळकुंडे. कळमनुरी धड शहर नाही, धड खेडे नाही. मराठवाड्यातले तालुक्याचे गाव, तहसील कचेरीभोवती दिवस काढणारे. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते, मग परभणी जिल्ह्यात, आणि 1 मे 1999 पासून हिंगोलीत. देशाच्या नकाशावर बोट ठेवून दाखवावे लागेल असे हे गाव, पण दिल्लीत ते ठाऊक झाले ते या माणसामुळे.

फुफीपुढे बसलो तेव्हा आधी माफी मागितली. ताजियत तीन दिवसांत करावी. पण जो दूर होता, ज्याला येता आले नाही, त्याने नंतर आले तरी चालते, असे जाणकार सांगतात. फुफी म्हणाली, “तुम्ही आला नाहीत म्हणून मी रागावले नाही रे. येणाऱ्यांच्या पायातच बेड्या होत्या.” मग शेजारच्या काकूंची गोष्ट सांगू लागली. घरात सगळेच आजारी असताना काकू रोज इफ्तारच्या आधी दारात डबा ठेवून मागे सरकायच्या आणि लांबूनच हाक मारायच्या. पुढे इद्दतीच्या चार महिने दहा दिवसांत किराणा, औषध, दळण, सगळे काकूंच्या मुलानेच आणून दिले. “हजेरी अशी पण लागते,” फुफी म्हणाली.

संध्याकाळी फुफीचा मुलगा, आमचे भाईजान, दुकानातून आले. चहा घेताना त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा अचानक म्हणाला, “चाचा, दादाअब्बा गेले तेव्हा अब्बा रडले नाहीत. टीव्हीवर राजीव सातवांची बातमी आली तेव्हा मात्र ढसाढसा रडले. एका पुढाऱ्यासाठी इतकं?”

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग भाईजान म्हणाले, “बापाच्या वेळी रडायला सवड कुठे होती? ऑक्सिजन, गाडी, कबर, एकामागून एक धावपळ. नंतर रात्र रात्र एकच विचार यायचा, की माझी ओळख कमी पडली, पैसा कमी पडला, म्हणून अब्बा गेले. त्या रविवारी कळलं, की ज्याची ओळख थेट दिल्लीपर्यंत, ज्याच्यासाठी मोठमोठे डॉक्टर झटत होते, तोही वाचला नाही. तेव्हा छातीवरचा दगड हलला. मी दोघांसाठी रडलो.”

मुलाला उत्तर मिळाले, आणि आम्हालाही. किती घरांत असा दगड अजून छातीवर असेल! उपाय करणे आपले काम. आयुष्याची मुदत मात्र अल्लाहच्या हाती. हे आपण सगळेच म्हणतो, पण ते मनात उतरायला कधी कधी दुसऱ्याचे दुःख पाहावे लागते.

मुलगा मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. “त्यांची आई मंत्री होती. त्यांच्यासाठी दार उघडंच होतं. आमच्यासाठी कोण उघडणार?”

प्रश्न चुकीचा नाही. रजनीताई सातव राज्यात मंत्री होत्या हे खरे. पण उघड्या दारातून आत जाऊन नुसते बसून राहणारेही आपण पाहतो. सातवांनी सुरुवात केली ती पंचायत समितीपासून. मग जिल्हा परिषद, 2009 मध्ये कळमनुरीतून आमदारकी, युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्षपद, 2014 मध्ये हिंगोलीतून लोकसभा. त्या वर्षी महाराष्ट्रातून काँग्रेसचे दोनच खासदार निवडून आले, त्यांतले हे एक. लोकसभेत त्यांनी हजारावर प्रश्न विचारले. कामगिरीसाठी संसदरत्न पुरस्कार मिळाला. 2020 मध्ये राज्यसभेवर गेले आणि त्याच सप्टेंबरात कृषी विधेयकांवरच्या गोंधळात निलंबित झालेल्या आठ खासदारांत होते. आठही जणांनी ती रात्र संसदेच्या आवारात धरणे धरून काढली. त्यांचा पक्ष कोणाला पटो न पटो, माणूस जागेवर हजर असायचा.

भाईजानांनी मुलाला विचारले, “2014 ला ते किती मतांनी आले, ठाऊक आहे? 1,632. एवढी माणसं आपल्या आसपासच्या गल्ल्यांत निघतील. बरं, तुझं नाव आहे का मतदार यादीत?”

मुलाने मान खाली घातली. अठरा पूर्ण होऊन वर्ष झाले होते, नमुना 6 भरायचा राहिला होता. दार कोण उघडणार, हे विचारताना स्वतः कडी वाजवायची राहून गेली होती. आम्ही हसलो नाही, कारण आमच्या घरातही त्या वेळी तोच प्रकार होता.

काही वाचक विचारतील, की बिगरमुस्लिम माणसाच्या मृत्यूचे इतके काय? वाचकहो, प्रेषित (स.) यांच्यासमोरून एका यहुदी माणसाची अंत्ययात्रा चालली होती, तेव्हा ते उठून उभे राहिले. तो यहुदी होता, असे कोणी म्हटले, तेव्हा तोही एक जीवच होता ना, असे त्यांनी विचारले. हा प्रसंग आपण मुलांना सांगतो. मग शेजारच्या घरात माती झाली की आपण उठून उभे राहतो का? काकूंनी डबा ठेवताना घर कोणाचे हे पाहिले नव्हते.

सकाळी निघताना फुफीसोबत काकूंकडे गेलो. त्या काळात त्यांचाही भाऊ गेला होता, हे आम्हाला तिथेच कळले. दोन घटका बसलो, पाणी प्यायलो. पाठवणीला आलेला मुलगा एसटी सुटेपर्यंत थांबला आणि तिथूनच तहसील कचेरीकडे निघाला.

त्या दिवसांतली एखादी ताजियत तुमच्याकडूनही राहिली असेल. वर्षे उलटली म्हणून दार बंद होत नाही. या महिन्यात एका तरी घरी जाऊन या. आणि घरात अठरा पूर्ण झालेले कोणी असेल, तर त्याचे नाव यादीत आहे का, तेही एकदा पाहा.